‘बंद पडेपर्यंत हात लावू नका’ या फॉरवर्डचा हिशेब

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून मामांनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिले, ‘आता गाडी बंद पडल्याशिवाय गॅरेजची पायरी चढायची नाही.’ वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग करणे ही शुद्ध लूट आहे, चालू यंत्र उघडले की ते बिघडते आणि बिघडलेला भाग बदलला की गाडी पुन्हा नव्यासारखी होते, असे त्यात म्हटले आहे. मामांचे घर त्या भाड्याच्या गाडीवर चालते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक आहे ते ‘नव्यासारखी’. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलला, तर नवा असतो तो अल्टरनेटर. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे आणि रबरी नळ्या जुन्याच राहतात. रिचर्ड बार्लो आणि लॅरी हंटर या संशोधकांनी १९६० साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात हीच गोष्ट गणितात मांडली. किमान दुरुस्तीने, म्हणजे फक्त बिघडलेले तेवढे ठीक केल्याने, यंत्र सुरू होते, पण ते पुन्हा बिघडण्याचा दर बिघाडाच्या आधी होता तेवढाच राहतो, असे त्यांनी गृहीत धरले. झीज वाढते तसा हा दरही वाढतो आणि दोन दुरुस्त्यांमधले अंतर सरासरीने घटत जाते.

लुटीचा आरोप बिलाकडे पाहून केलेला आहे, तर खर्च दर किलोमीटरला मोजायला हवा. टायमिंग बेल्ट घ्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) पिस्टनच्या तालात उघडझाप करायला लावणारा दातेरी पट्टा. मेकॅनिकने उतरवलेला जुना बेल्ट मी हातात वाकवून पाहिला आहे: वरून धडधाकट, पण दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा. तो चालत्या गाडीत तुटला, तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावे लागते. समजा, बेल्ट वेळेवर बदलायला ८,००० रुपये लागतात आणि तुटल्यावर ६०,०००. ८०,००० किलोमीटरला बदलताना त्याआधीच तुटण्याची शक्यता शंभरात दोन धरली, तर खर्च किलोमीटरमागे सुमारे ११ पैसे येतो. वाट पाहिली आणि तो सरासरी १,२०,००० किलोमीटरला तुटला, तर ५० पैसे. शिवाय घाटात अडकलेले प्रवासी आणि बुडालेले भाडे या हिशेबात धरलेलेच नाही.

चालू यंत्र उघडू नये, यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ज्या भागाचा बिघाडाचा दर वयानुसार वाढत नाही, तो आधीच बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे, हेही त्याच गणितातून निघते. हेडलाइटचा बल्बही गेल्यावर बदलला तरी चालतो, कारण तो गेल्याने दुसरे काही बिघडत नाही. फक्त एक जादा बल्ब गाडीत असू द्यावा. गाडीच्या पुस्तिकेत नसलेले इंजिन फ्लशिंग (रसायनाने इंजिन आतून धुणे) कोणी गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणावे. मात्र बेल्ट, ब्रेक पॅड आणि ऑइल वापराने खराब होतात आणि वाट पाहिली तर इतर भागही बिघडवतात. त्यांना बल्बचा नियम लावता येत नाही.

मामा, तुमच्या पुस्तिकेत बेल्टची मर्यादा किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत दिली आहे, आणि आधी भरेल ती पाळायची असते. तुमचे किलोमीटर शिल्लक आहेत, वर्षे मात्र मार्चमध्येच भरली. या रविवारी बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलून घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल, तर तोही आताच पाहून घ्यायला सांगा, नाहीतर उघडण्याची तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.