जुना करार वाचताना घ्यायची काळजी

हिब्रू पवित्र शास्त्र, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचा जुना करार, जरूर वाचा. फक्त सलग वाचू नका. स्तोत्रं घ्या, यशया संदेष्ट्याचे चार अध्याय घ्या, दावीदाने गल्याथाला गोफणीने लोळवलं ते पोरांना सांगा. एकही पान न गाळता वाचायचा हट्ट धरलात, तर तब्येतीची जबाबदारी आमच्यावर नाही.

‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’ हे वचन बघा. सुरेख आहे, फ्रेम करून भिंतीवर लावा. मात्र ते जिथे येतं तो ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाचा १५वा अध्याय उघडू नका. तिथे इस्राएलच्या शौल राजाला देवाचा हुकूम येतो: अमालेकी जमातीला मारून टाक. पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं, सगळं. गुन्हा काय? त्यांच्या पूर्वजांनी इजिप्तमधून निघालेल्या इस्राएलींची वाट अडवली होती. पूर्वजांनी! शौल बाळांपर्यंतचं काम चोख करतो. घसरतो तो मेंढरांपाशी. धष्टपुष्ट जनावरं आणि अगाग राजा तेवढे जिवंत ठेवतो. मग शमुवेल संदेष्टा येऊन विचारतो, हे मेंढरांचं ओरडणं माझ्या कानांवर कसं येतंय? एकाही पोराचं रडणं येत नाही, याबद्दल त्याची तक्रार नाही. शौलाची गादी जाते आणि शमुवेल स्वतःच्या हाताने अगागाचे तुकडे करतो. याच अध्यायात शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, आणि देव कधी पस्तावत नाही असंही शमुवेल बजावतो. ही दोन वाक्यं एका दमात म्हणू नका, ठसका लागेल.

हिशेबाची आवड असेल तर ‘गणना’ या पुस्तकाचा ३१वा अध्याय वाचा. हरलेल्या मिद्यानी जमातीच्या बायकांना जिवंत आणलं म्हणून इस्राएलींचा पुढारी मोशे सेनापतींवर भडकतो. मुलगे मारा, पुरुषाशी संबंध आलेल्या बायका मारा, कुमारिका स्वतःसाठी ठेवा, असं सांगतो. मग लुटीची मोजदाद: मेंढरं ६,७५,०००, गुरं ७२,०००, गाढवं ६१,०००, मुली ३२,०००. मुलींचा नंबर गाढवांनंतर. त्यांतल्या ३२ परमेश्वराचा वाटा म्हणून वेगळ्या काढल्या. कारकुनाच्या हस्ताक्षरात कुठेही कंप नाही.

कुणी टोकलंच तर ‘तो काळच तसा होता’ असं म्हणा. गुणकारी औषध आहे. फक्त ‘शास्त्र त्रिकालाबाधित आहे’ या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्ही उलटून पडतात.

त्याहून अद्ययावत उत्तर म्हणजे ‘हे घडलंच नाही.’ याला पुरातत्त्वाचा आधारही आहे. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये यरीहो हे प्राचीन शहर खणलं. ज्या काळात मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने तिथला तट पाडून गावाची कत्तल केली असं मानतात, त्या काळातला तटच त्यांना सापडला नाही. अभिनंदन, कत्तल रद्द! आता एवढंच उरतं की न केलेली कत्तल आपण केली असं कुणाला तरी अभिमानाने लिहावंसं वाटलं. शेजारीही त्याच शाळेतले. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबानला, इस्राएलच्या शेजारच्या मोआब राज्याच्या मेशा राजाचा शिलालेख मिळाला. त्यात तो नबो गावचे ७,००० इस्राएली मारून देवाला वाहिल्याचं सांगतो, जवळजवळ यहोशवाच्याच भाषेत. फरक इतकाच की त्याचा देव कमोश आज कुणी पूजत नाही, त्यामुळे मेशाला क्रूर म्हणताना कुणाचीही जीभ अडत नाही.

घरात मुली असतील तर ‘शास्ते’ या पुस्तकाचा ११वा अध्याय टाळा. इस्राएली सेनानी इफ्ताह देवाला नवस बोलतो: जिंकून आलो की माझ्या दारातून जे आधी बाहेर येईल त्याचं होमार्पण करीन. डफ वाजवत, नाचत येते ती एकुलती एक लेक. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी देणार होता, तेव्हा ऐनवेळी झुडपात एडका अडकला होता. हिच्या वेळी एकही एडका फिरकला नाही. लिहिणाऱ्याने तिचं नावसुद्धा टिपून ठेवलं नाही. बापाचं नाव मात्र नव्या करारात श्रद्धावंतांच्या यादीत आहे.

(हे वाचून खुदकन हसणाऱ्यांनी खांडववन आणि परशुरामाच्या २१ फेऱ्या यांची स्पष्टीकरणं आधी तयार ठेवावीत.)

शेवटची सूचना: जुन्या रब्बींपासून, म्हणजे ज्यू धर्मपंडितांपासून, लांब राहा. आजच्या प्रवचनकारांना जे सहज पचतं, त्याने त्या लोकांच्या पोटात गोळा येई. हट्टी, उनाड मुलाला गावाने दगडांनी मारावं, असा ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातला नियम. नियम पुसता येईना, म्हणून तालमूद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथात त्यांनी त्याला अटी जोडल्या. एका रब्बींची अट तर अशी की आई आणि बाप आवाजात, रूपात, उंचीत हुबेहूब सारखे असले तरच शिक्षा. मग निष्कर्ष काढला की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. तिथेच पुस्तक मिटा. पुढच्या ओळीत योनाथान नावाचे रब्बी म्हणतात, झाला होता, मी त्याला पाहिलंय, आणि त्याच्या कबरीवर बसलोही आहे.