कळलावी

मागच्या माळावर जेसीबी आला तो ऑगस्टमध्ये, नेमका कळलावी फुलायच्या दिवसांत. तिथल्या बोरीच्या जाळीवर दर पावसाळ्यात एक वेल चढायची. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानांची टोकंही साधी नाहीत, स्प्रिंगसारखी वळून हाताला लागेल ते धरून ठेवतात. हिला वाचवायचं, असं मी चहा पिता पिता जाहीर केलं.

"अहो, कळलावी घरात आणली की भांडणं होतात म्हणतात," ही म्हणाली.

"अंधश्रद्धा आहे," मी म्हणालो. त्यावरून आमचं अर्धा तास भांडण झालं.

खरं तर कंद काढावा तो पाऊस सरल्यावर, वरची वेल वाळून गेली की. पण तोपर्यंत तिथे पार्किंगचा खड्डा झाला असता. म्हणून खुरपं घेऊन निघालो. वेल पेन्सिलएवढी, दोन मिनिटांचं काम! वीतभर खणलं, दांडी खालीच. दोन विती खणलं, मुरूम लागला आणि खुरपं वाकलं. वॉचमनकडून पहार आणली. पाच घाव घातले की दोन मिनिटं बसायचं, या हिशोबाने उकरत होतो. पोटावर पालथा पडून हात कोपरापर्यंत आत घातला, तेवढ्यात मजूर गोळा झाले.

"काका, हंडा गावला का?"

"कंद आहे."

"खायचा?"

"छे, विषारी."

घोळका एक पाऊल मागे सरला. मग एक जण हळूच म्हणाला, "घरी काही भांडण झालंय का?"

"झालंय," मी खरं ते सांगून टाकलं.

हा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. दोन फाटे, आणि डोळा फक्त फाट्याच्या टोकाला. टोक मोडलं की तो फाटा वाया. दीड तासाच्या मेहनतीने मी नेमकं एक टोक मोडलं. तेव्हा जेसीबीवाल्याला दया आली. "सरका बाजूला," म्हणत त्याने बकेट अलगद खाली घातली आणि खालच्या मुरमासकट कंद उचलून माझ्यासमोर ठेवला. वाढप्याने ताटात मूद ठेवावी तसा. अर्धा मिनिट लागला असेल.

पूर्वी बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हा कंद उगाळून लावत, त्यावरूनच कळलावी नाव. माझ्या कमरेत कळ न उगाळताच आली. तीन दिवस पडून होतो. यातलंच कोल्चिसिन वातरक्तावर औषध म्हणून देतात, ही माहिती मी पडल्या पडल्या हिला दिली.

"मग कमरेवर काय देतात?" तिने विचारलं आणि आयोडेक्स फेकलं.

बाल्कनीतल्या ड्रममध्ये लावलेली वेल आठवड्यात वाळली. हिवाळाभर मी त्या मातीच्या ड्रमची राखण केली. पाणी घालायचं नाही, नाहीतर कंद कुजतो. हिने त्यात दोनदा कोथिंबीर पेरायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आमचं वाजलं.

जूनमध्ये कोंब आला. जुलैत वेल ग्रिलबाहेर गेली. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजारचे काका, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात त्यांचा बनियन. बनियनच्या पट्टीला हिरव्या पानाच्या टोकाने तीन वेढे घातले होते.


"हे तुमचं का?" त्यांनी विचारलं.