शटर फ्रेम रेटच्या दुप्पट? आधी हॉलमधले दिवे बघा

व्हिडिओ शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक तक्ता जोरात फिरतोय. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर शटर १/४८, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर १/४८ सेकंद प्रकाश; ३०ला १/६०, ६०ला १/१२०, १२०ला १/२४०. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘शटर कायम फ्रेम रेटच्या दुप्पट. अपवाद नाही. माणसाचा डोळा असंच बघतो. नियम मोडला की पॅन झटके खातो. अंधार असेल तर आयएसओ वाढवा, शटरला हात लावू नका.’ (पॅन म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता.)

शटर ऑटोवर सोडू नका, एवढा बोध त्यातून घेतला तर भलंच आहे. पण हा तक्ता जसाच्या तसा आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये वापरला तर फुटेज खराब होतं, आणि ते एडिटला बसल्यावर धड दुरुस्तही होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डोळ्याचं. फिल्म कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये एक कापलेली तबकडी फिरते. तबकडीचा उघडा भाग समोर असताना फ्रेमवर प्रकाश पडतो, झाकलेला भाग आला की फिल्म पुढे खेचली जाते. अर्धी तबकडी उघडी म्हणजे १८० अंश. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या की १/४८. हा आकडा यंत्राच्या सोयीतून आला. डोळ्याला फ्रेमही नसते आणि शटरही नसतं. प्रेक्षकांच्या कैक पिढ्यांनी पडद्यावर हालचालीचा साधारण तेवढाच ब्लर (धूसरपणा) पाहिला, म्हणून तो सिनेमासारखा वाटतो, हे मात्र खरं. आणि ‘अपवाद नाही’? १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधली किनाऱ्यावरची लढाई ४५ आणि ९० अंशांच्या शटरवर चित्रित झाली, उडणारी माती कणाकणाने दिसते ती त्यामुळेच. २०१२चा पहिला ‘हॉबिट’ ४८ फ्रेमवर होता. तक्त्याप्रमाणे १/९६ यायला हवं होतं, तिथे १/६४ ठेवलं गेलं.

आता खरा घोळ: ३०ला १/६०. हा आकडा अमेरिकेत चालतो, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. १/५० सेकंदात अशी बरोब्बर दोन आवर्तनं बसतात, १/१०० मध्ये एक. त्यामुळे फ्रेम कुठल्याही क्षणी सुरू झाली तरी तिला प्रकाश सारखाच मिळतो. १/६० मध्ये बसतात पावणेदोनाच्या आसपास. मग कुठल्या फ्रेमला उजेड जास्त, कुठल्या फ्रेमला कमी, आणि ३० फ्रेमवर हा फरक सेकंदाला दहादा फडफडतो. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने नवरीच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर आडवे पट्टे सरकताना दिसतात ते हेच. २५ फ्रेमवर १/६० ठेवलंत तर पट्टे जवळपास जागच्या जागी थांबतात, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते लक्षातही येत नाहीत.

म्हणून आपल्याकडे घरात, हॉलमध्ये, ऑफिसात: २५ला १/५०, २४लाही १/५०, ३०ला १/५० किंवा १/१००, ५०ला १/१००, ६०लाही १/१००. २४ फ्रेमवर १/४८ ऐवजी १/५० ठेवलं तर कोन १८० ऐवजी १७२.८ अंश होतो. ब्लरमधला तो फरक कुणाला ओळखता येणार नाही. २५ आणि ५० फ्रेमला दुप्पटीचा हिशेब आपोआप जुळतो, कारण आपल्याकडच्या टीव्हीचा फ्रेम रेटच विजेच्या ५० हर्ट्झला धरून ठरला होता. मंडप जनरेटरवर असेल तर मात्र सावध राहा. लोडप्रमाणे त्याची फ्रिक्वेन्सी हलते. डिमरवरचे एलईडी आणि स्टेजमागची एलईडी वॉल यांची लय तर विजेपेक्षाही वेगळी असू शकते. तिथे कॅमेऱ्यात बारीक पायऱ्यांनी शटर बदलायची सोय असेल तर ती वापरा, आणि विधी सुरू होण्याआधी पट्टे जाईपर्यंत आकडा फिरवून बघा.

‘पॅन झटके खातो तो शटरमुळे’ हेही अर्धंच खरं. फुल एचडीमध्ये २५ फ्रेमवर एखादा खांब दोन सेकंदांत फ्रेमच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला, तर तो दर फ्रेमला साधारण ३८ पिक्सेल उडी मारतो. १/५० वर त्यातले १९ पिक्सेल ब्लरने भरतात, उरलेले रिकामेच राहतात. दुप्पटीचा नियम तंतोतंत पाळूनही झटका दिसणारच. तोच पॅन सात सेकंदांत केला तर उडी ११ पिक्सेलवर येते, म्हणून जुने कॅमेरामन पॅन सावकाश करायला सांगतात. जुन्या इंटरलेस्ड कॅमेऱ्यावर (जो एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, टिपायचा) हात बसलेल्यांना हे जास्त जाणवतं, कारण तिथे सेकंदाला ५० फील्ड मिळत होती. प्रोग्रेसिव्हमध्ये (जिथे पूर्ण चित्र एकदम टिपलं जातं) २५ फ्रेम मिळतात आणि शटर तेच १/५०. शिवाय २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या मोबाइलवर चालला की काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दाखवल्या जातात. त्या झटक्याचा शटरशी काडीचाही संबंध नाही. काम फक्त रीलसाठी असेल तर ३० फ्रेम आणि १/५० हे जास्त बरं.

१२० फ्रेमला १/२४० उन्हात खुशाल ठेवा. ट्यूबलाइटखाली नको. १२० फ्रेमवर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/१२० सेकंद मिळतो, म्हणजे दिव्याचं एक आवर्तनही पुरं होत नाही. फडफड अटळ आहे. कॅमेऱ्यात १०० फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या आणि शटर १/१०० ठेवा. कोन ३६० अंश, ब्लर थोडा जास्त, पण प्रकाश स्थिर.

राहिला अंधार. २५ फ्रेमवर १/५० वरून १/२५ वर आलं की दुप्पट प्रकाश मिळतो. भंडारदऱ्याला काजवे टिपायचे असतील, देवळात समईच्या उजेडात बसलेले आजोबा घ्यायचे असतील, तर आयएसओ वाढवून नॉइज (चित्रातले दाणे) ओढवून घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा आणि समोर फार हालचाल नको. हातात धरलेला शॉट नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्थिर करणार असाल तर मात्र उलट करा, शटर वेगवान करा, म्हणजे कमी वेळ उघडा ठेवा. सॉफ्टवेअर फ्रेम जागेवर आणतं, पण हादऱ्याने फ्रेममध्ये मुरलेला ब्लर तसाच राहतो आणि स्थिर चित्र मध्येच धूसर होत राहतं. १/२५ पेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवणं २५ फ्रेमच्या व्हिडिओत शक्यच नाही. काही कॅमेरे १/१२ दाखवतात, तेव्हा ते तीच फ्रेम पुन्हा पुन्हा लिहीत असतात.