‘तारखा वाढवणं हाच यांचा धंदा’ : कंपनीच्या वकिलाचं उत्तर

माझा मामेभाऊ बुटीबोरी एमआयडीसीत फिटर आहे. गेल्या महिन्यात त्याने कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला : ‘कंपनीच्या वकिलाला ओळखा. तारखा वाढवणं हाच त्याचा धंदा. कामगार एकटा, समोर वकिलांची फौज. कागद कंपनीचे, म्हणून निकालही कंपनीचा. मालकाला नाही म्हणणारा वकील अजून जन्माला यायचा आहे.’ खाली त्याने विचारलं होतं, ‘दादा, खरं आहे का?’

फोनवर अर्धंच सांगून झालं, म्हणून हे लिहितो. २१ वर्षं मी नागपूरच्या कामगार न्यायालयात, औद्योगिक न्यायालयात आणि सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर बहुतेक वेळा मालकांच्या बाजूने उभा राहिलो. त्यातली बरीच कामं १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याखालची, म्हणून कामगारांच्या कामांबद्दल सांगताना कलमंही त्याचीच देतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे.

आधी तारखांचं. खटले लांबतात. कधी न्यायाधीशांची जागा रिकामी असते, कधी साक्षीदार येत नाही, आणि कधी कंपनीचा वकील मुद्दाम अर्जावर अर्ज टाकतो. असे वकील मी पाहिले आहेत. त्यांचा मला राग येतो, कारण पलीकडे बसलेल्या माणसाच्या घरी त्या महिन्याचा किराणा थांबलेला असतो. पण यात कंपनीचा फायदा होतो, हे मात्र खरं नाही. १५,००० रुपये पगाराच्या माणसाला काढलं, खटला ८ वर्षं चालला आणि बडतर्फी बेकायदा ठरली, तर नुसता मागचा पगार १४ लाख ४० हजार होतो. दीपाली सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, की बेकायदा काढलेल्याला पूर्ण मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे. ‘मी बेकार होतो’ एवढं कामगाराने सांगितलं, की तो कुठे कमावत होता हे दाखवणं मालकाच्या अंगावर येतं. परत घेण्याच्या निकालाविरुद्ध कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर कलम १७ब आहेच : कामगाराने दुसरीकडे नोकरी नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, की खटला चालेल तोवर त्याला शेवटी मिळत होता तो पगार दर महिन्याला द्यायचा, आणि तोही काम न घेता.

हिंगण्यातल्या एका कारखान्याचे मॅनेजर मला म्हणाले होते, ‘चालू द्या ना वकीलसाहेब, थकून जाईल तो.’ मी कागद ओढला आणि महिन्यामागे वाढणारी रक्कम त्यांच्यासमोर मांडली. दीड महिन्यात तडजोड झाली. तो माणूस थकला नव्हता. तो प्रत्येक तारखेला डबा घेऊन सकाळपासून व्हरांड्यात बसलेला असायचा.

फौजेची गोष्ट थोडक्यात संपते. कलम ३६प्रमाणे समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे वाद आपसात मिटवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, वकील चालतच नाही, आणि कामगार न्यायालयात समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात. युनियनच्या प्रतिनिधीने हरकत घेतली म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो आहे. ही हरकत घेता येते, हे किती कामगारांना माहीत असतं?

कागदांबद्दल मेसेज निम्मा खरा आहे, आणि ते मी मान्य करतो. कपातीपासून कायद्याचं संरक्षण मिळायला वर्षात २४० दिवस काम केलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर, आणि हजेरीचं मस्टर मालकाच्या कपाटात. हे मला आजही खटकतं. पण कामगाराने स्वतः शपथेवर साक्ष द्यावी आणि मस्टर हजर करण्याचा अर्ज करावा. कंपनीने ते दडवलं, तर न्यायालय तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. मस्टर देऊ नका असं कुणी मला म्हणालं, तर मी वकालतनामा परत करतो. दोनदा केला आहे. आणि कामगारावरच्या आरोपांची कंपनीने केलेली चौकशी कागदावर चोख असली तरी कलम ११अखाली शिक्षा जास्त वाटली, तर न्यायालय ती कमी करतं. कागदावर जिंकलेली दोन-तीन कामं मी तिथे हरलो आहे.

राहिलं ‘नाही’ म्हणणं. आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे, पण तो ऑफिसात घडतो, म्हणून कुणाला दिसत नाही. कामगार कपातीच्या दिवशीच भरपाई हातात द्या, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, चेक पुढच्या आठवड्यात चालणार नाही, हे किती वेळा सांगितलं याचा हिशेब नाही.

व्यापारी वादांतही तेच. कळमेश्वरच्या एका छोट्या वर्कशॉपने मोठ्या कंपनीला सुटे भाग दिले, पण बिल मिळेना. मी त्या मोठ्या कंपनीचा वकील. खरेदी अधिकारी म्हणाले, ‘माल खराब होता असं लिहा.’ माल येऊन दहा महिने झाले होते आणि तक्रारीचं एकही पत्र नव्हतं. मी लिहिलं नाही. २००६च्या लघुउद्योग कायद्यात १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. करारात काहीही लिहा, पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. या कायद्याखालच्या निर्णयाला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरा. मुद्दल सगळं दिलं गेलं, घासाघीस फक्त व्याजावर झाली. वर्कशॉपचा मालकही ‘कंपनी’च होता, आणि त्याच्याकडे बारा माणसं कामाला होती. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ही कंपनी नव्हती.

मामेभावाचा दुसरा प्रश्न होता. त्याच्या शॉपमधल्या एका पोराला कंपनीकडून आरोपपत्र मिळालंय. ती कंपनी माझी पक्षकार नाही, म्हणून बोलता आलं. त्याला म्हटलं : चौकशीला एकटा पाठवू नको, सोबत जाणकार सहकारी दे. साक्षीदाराची उलटतपासणी सोडू नका. चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही नको, आणि सही केली की प्रत तिथल्या तिथे मागून घ्या.