पाचवी नस, सातवी नव्हे

लेखात चेहऱ्याची संवेदना फेशियल नर्व्ह नेते असं छापलंय, ते दुरुस्त करा. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांमधली (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) ती सातवी, तिचं मुख्य काम चेहऱ्याचे स्नायू हलवणं. स्पर्श आणि वेदना नेते पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल: कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा तीन शाखा. जबड्याचा कोपरा मात्र मानेच्या नसांकडे.

खरी गंमत मेंदूच्या देठात आहे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात. चेहऱ्याच्या स्पर्शाचे तंतू पॉन्समधल्याच (देठाचा मधला भाग) केंद्राशी थांबतात. वेदना आणि तापमानाचे आधी खाली उतरतात, मेड्युलातून (देठाचा खालचा भाग) पार मानेच्या मज्जारज्जूपर्यंत. तिथून पुढचे तंतू बाजू बदलून थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूतल्या संवेदनांच्या मुख्य थांब्याकडे चढतात. अंगाच्या वेदनेचे तंतू मात्र मज्जारज्जूतच बाजू बदलून वर आलेले असतात. म्हणून मेड्युलाच्या कडेचा रक्तपुरवठा तुटला की त्याच बाजूच्या चेहऱ्याची आणि विरुद्ध बाजूच्या अंगाची वेदनेची जाणीव जाते, पण चेहऱ्यावर फिरवलेला कापूस कळतो. नुसत्या कापसाने तपासलं तर हे निसटतं, टोचून बघायलाच हवं.

आणि ऐरोली पुलावर बाइकवर वारा लागताच गालात करंट बसल्यासारखी कळ येऊन सेकंदांत जात असेल, तर ते दाढेचं नव्हे, याच पाचव्या नसेचं दुखणं असू शकतं; दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बरेचदा नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी दाबत असते. साध्या पेनकिलरने भागत नाही. सहसा कार्बामाझेपिन हे नसांच्या कळेवरचं औषध देतात, तेही रक्तातल्या सोडियमवर लक्ष ठेवून, कारण ते त्याने कमी होऊ शकतं.