‘रुग्णालयाचा अंतर्गत मामला’? अजिबात नाही

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचं सॉफ्टवेअर बदललं की एक विधान हमखास फिरतं: “हा रुग्णालयाच्या आयटी विभागाचा प्रश्न आहे. रकाने बदलतात, उपचार तेच राहतात. चूक झालीच तर ती त्या रुग्णालयापुरती.” यातला एकही तुकडा टिकत नाही.

“फक्त रकाने बदलतात.” रकाना बदलला की मोजणी बदलते. ‘मुख्य तक्रार’ पूर्वी टाइप होत असे: ‘ताप, खोकला, तीन दिवस’. नव्या आवृत्तीत यादीतून एकच पर्याय निवडायचा असेल, तर नोंद ‘ताप’वर थांबते आणि खोकला गळतो. साथरोग सर्वेक्षण याच नोंदींवर चालतं. त्यातली सी-२ ही प्रचलित पद्धत लगतचे दोन दिवस सोडून त्याआधीचे सात दिवस आधाराला धरते. आजचा आकडा त्यांच्या सरासरीपेक्षा तीन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरतात याचं माप) वर गेला की इशारा देते. यादी बदलल्यावर ‘ताप’ हाच पर्याय जास्त वेळा निवडला गेला, तर तापाचा आकडा उसळून खोटा इशारा येतो. साधारण नऊ दिवसांत सगळा आधार नव्या आकड्यांचा होतो, इशारे थांबतात. खोकल्याचा घसरलेला आकडा मात्र तसाच राहतो, आणि तो कोणाला खटकतही नाही. खोट्या इशाऱ्यापेक्षा ही शांतता जास्त घातक.

“उपचार तेच राहतात.” अमेरिकेतलं मूत्रपिंडाचं उदाहरण बघा. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज, काढण्याच्या २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचं उत्तर १.१५९ने गुणलं जाई. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रांगेत प्रतीक्षेचा काळ मोजायला ईजीएफआर २० किंवा कमी लागतो, किंवा डायलिसिस सुरू झालेलं असावं लागतं. गुणकाविना १८ येणारा आकडा गुणकासह २०.९ होई, म्हणजे डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाचा काळ सुरूच होत नसे. २०२१मध्ये गुणक नसलेलं सूत्र आलं. जानेवारी २०२३पासून अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे जाऊन दुरुस्त करायला सुरुवात झाली. एका गुणकाने एका संपूर्ण समाजाला रांगेत मागे ठेवलं होतं.

“चूक त्या रुग्णालयापुरती.” जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना नावाचं स्पेलिंग जुळलं नाही, तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात: एक लसींसह, दुसरी कोरी. १,००० मुलांपैकी ९०० जणांचं लसीकरण पूर्ण असेल आणि १०० कोऱ्या दुबार नोंदी मिसळल्या, तर ९० टक्क्यांचं प्रमाण ८२च्या खाली दिसतं. पथकं लस घेतलेल्यांच्या दारात जातात, राहिलेली मुलं राहतातच. उलट चूक आणखी वाईट: जुळ्यांची जन्मतारीख, आडनाव आणि पत्ता एकच, म्हणून दोघांच्या नोंदी एक झाल्या तर एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या माथी बसते.

“कंपनीने चाचणी केलेली असते.” स्क्रीन उघडते का, हे कंपनी बघते; पुढच्या साखळीत आकडा बरोबर पोचतो का, हे वेगळं तपासावं लागतं. बदलाची तारीख सार्वजनिक आरोग्य विभागाला आधी कळवा. शक्य असेल तिथे दोन आठवडे जुनी आणि नवी नोंद समांतर चालवा आणि तक्रारनिहाय आकडे रोज ताडून पाहा. तक्रारींच्या जुन्या कोडचा नवा कोड कोणता, याचा तक्ता जपा. मूळ मजकूर पुसू नका. प्रत्येक आकड्याबरोबर एकक पाठवा. रक्तशर्करेचे ७ मिलिमोल प्रतिलिटर म्हणजेच १२६ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर. आणि प्रत्येक आलेखावर बदलाच्या दिवशी उभी रेघ मारा.