आधी नाव कळू द्या, मग ट्यूब लावा

चेहऱ्यावर लाली आणि चार पुटकुळ्या दिसल्या की कुणीतरी हमखास ट्यूब पुढे करतं. "हे लाव, दोन दिवसांत साफ!" आणि खरंच साफ होतं. माझं भांडण त्या दोन दिवसांशीच आहे.

अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, दाह दाबतं, म्हणून चेहरा छान दिसतो. लावणं थांबवलं की लाली आधीपेक्षा जोरात उसळते. मग पुन्हा ट्यूब. असे महिने गेले की त्वचा पातळ होते, आग होते आणि स्टेरॉइडमुळेच रोझेशियासारखा (चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा जुनाट आजार) त्रास मागे लागतो.

खरा रोझेशिया साधारण तिशीनंतर सुरू होतो. गाल, नाक, कपाळ, हनुवटी. ऊन, गरम पेय, तिखट, दारू, ताण यांपैकी काहीही झालं की चेहरा भडकतो. सुरुवातीला लाली ओसरते, पुढे मुक्कामच ठोकते. पुटकुळ्या मुरुमांसारख्याच दिसतात, पण ब्लॅकहेड्स नसतात. ही खूण फार कामाची. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसतच नाही, त्यामुळे निदान हुकतं; तिथे आग होते का, चेहरा तापतो का, हे विचारावं लागतं. डोळे चुरचुरत असतील, रांजणवाडी वारंवार होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात डोळेही सापडतात.

(आणि लाल, जाड नाक म्हणजे दारुडा, हे कृपया बंद करा. आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांचं नाकही रोझेशियामुळे असं होतं.)

रोझेशियाचं सोंग घेणारे बाकीचे आजारही ओळखून ठेवा. भुवया आणि नाकाच्या बाजूच्या घड्यांत तेलकट खपल्या असतील तर बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, त्याला बुरशीविरोधी क्रीम लागतं. तोंडाभोवती बारीक पुरळ, पण ओठांलगतची पट्टी मोकळी? पेरिओरल डर्मटायटिस असू शकतो, आणि तोही स्टेरॉइडने चिघळतो. गालांवर लाली, घड्या मात्र स्वच्छ, सोबत सांधे दुखतायत, तर ल्युपसची (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) तपासणी टाळू नका.

रोझेशिया मुळापासून जात नाही, पण आटोक्यात छान राहतो. मेट्रोनिडाझोल, अझेलिक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनची क्रीम, गरज पडली तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक (गरोदरपणात नाही). पुटकुळ्यांवर फरक दिसायला काही आठवडे लागतात. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या क्रीमने जात नाहीत, तिथे लेझर. रोज सौम्य क्लेन्झर आणि किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडवालं सहसा कमी झोंबतं. स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट यांना चेहऱ्यापासून लांब ठेवा.

स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावत असाल तर हे वाचून आज एकदम फेकून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना ती ट्यूबच नेऊन दाखवा. सोडताना चेहरा काही आठवडे बिघडतो, तेवढ्यात घाबरून पुन्हा तीच लावली जाते.